ग्राफिक्स कार्डाचे वॉटर कूलिंग : कारखान्यातून आलेले घ्यावे की ब्लॉक स्वतः बसवावा?

न्यू जर्सीच्या मॉरिस कौंटीतील पार्सिपनी हे गाव अमेरिकेतील मराठी कुटुंबांना नोकऱ्या आणि शेजार या दोन्ही कारणांनी परिचित आहे. ग्राफिक्स कार्डांच्या व्यवसायातही त्याला एक स्थान आहे. एन्व्हिडियाच्या चिपवर आधारलेली कार्डे विकणाऱ्या पीएनवाय टेक्नॉलॉजीज या कंपनीचे मुख्यालय याच गावात, जेफर्सन रोडवर आहे. १९८५ साली ब्रुकलिनमध्ये स्थापन झालेल्या या कंपनीने २०११ मध्ये जीफोर्स जीटीएक्स ५८० हे कार्ड कारखान्यातच वॉटर कूलिंग बसवून बाजारात आणले. त्यासाठी असेटेक या डॅनिश कंपनीची बंदिस्त यंत्रणा वापरली होती, आणि एका संचात त्याच पाण्यावर संगणकाचा मुख्य प्रोसेसरही थंड ठेवण्याची सोय होती. कारखान्यातून पाण्यासह आलेले कार्ड घ्यावे की साधे कार्ड घेऊन त्यावर स्वतः वॉटर ब्लॉक बसवावा, हा प्रश्न त्यामुळे नवा नाही. बदलले आहे ते त्याचे वजन.

जीटीएक्स ५८० ची घोषित वीजमर्यादा २४४ वॉट होती. २०२२ च्या आरटीएक्स ४०९० ची ४५० वॉट, तर जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या आरटीएक्स ५०९० ची ५७५ वॉट आहे. या शेवटच्या कार्डाची घोषित किंमतच १,९९९ डॉलर होती, आणि न्यू जर्सीचा ६.६२५ टक्के विक्रीकर धरल्यास ती २,१३१ डॉलरच्या वर जाते. अशी कार्डे आता केवळ खेळांसाठी घेतली जात नाहीत. घरच्या यंत्रावर भाषा-मॉडेल चालवणारे अभियंते, त्रिमितीय आरेखन करणारे वास्तुरचनाकार, हौसेने वा व्यवसायाने चित्रफिती संपादित करणारे लोक ती विकत घेतात आणि तासन् तास पूर्ण भाराखाली चालवतात. घरातल्या कार्यालयात, शेजारच्या खोलीत मुले अभ्यास करीत असताना, पंख्यांचा घोंगावणारा आवाज नकोसा होतो आणि पाण्याचा विचार सुरू होतो. या निवडीत तापमानाचा फरक वाटतो त्यापेक्षा कमी असतो. मोठा फरक पडतो तो जबाबदारीच्या वाटणीत: काही बिघडले तर ते कोणी दुरुस्त करायचे आणि कोणाच्या खर्चाने?

पर्याय दोन नसून तीन

'कारखान्यातून वॉटर कूलिंगसह आलेले' या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात. खरेदी करण्यापूर्वी त्यांतील भेद समजून घेणे आवश्यक आहे.

पहिला प्रकार बंदिस्त संचाचा. कार्ड, पंप, नळ्या आणि रेडिएटर कारखान्यातच जोडलेले असतात आणि द्रव आत भरून मोहरबंद केलेला असतो. ग्राहकाने फक्त रेडिएटर पेटीत बसवायचा आणि तारा जोडायच्या. एएमडीने २०१४ मध्ये आणलेले ५०० वॉटचे रेडिऑन आर९ २९५एक्स२ आणि २०१५ चे फ्युरी एक्स ही याची ठळक उदाहरणे. आज एमएसआयची 'सुप्रिम लिक्विड' आणि गिगाबाइटची 'वॉटरफोर्स' मालिकेतील रेडिएटरसह येणारी कार्डे याच प्रकारात मोडतात.

दुसरा प्रकार कारखान्यात ब्लॉक बसवलेल्या कार्डाचा. कार्डावर पंख्यांऐवजी तांब्याचा ब्लॉक असतो, परंतु पंप, टाकी, रेडिएटर यांपैकी काहीही सोबत येत नाही. ज्याच्या संगणकात पाण्याची वाट, म्हणजे लूप, आधीपासून आहे त्याच्यासाठीच हे कार्ड उपयोगी. ईव्हीजीएची 'हायड्रो कॉपर' मालिका या प्रकारात प्रसिद्ध होती, पण त्या कंपनीने सप्टेंबर २०२२ मध्ये ग्राफिक्स कार्डांचा व्यवसायच सोडला. गिगाबाइटच्या 'वॉटरफोर्स' मालिकेतील ज्या कार्डांच्या नावापुढे 'डब्ल्यूबी' ही अक्षरे असतात, तीही याच जातीची. नाव एक आणि वस्तू दोन असल्याने मागणी नोंदवताना येथे चूक होऊ शकते.

तिसरा प्रकार म्हणजे पंख्यांचे साधे कार्ड घेऊन, त्याचे मूळ आवरण उतरवून त्यावर अल्फाकूल, ॲक्वा कॉम्प्युटर, वॉटरकूल, बायक्स्की अशा उत्पादकांचा ब्लॉक स्वतः बसवणे.

तापमानाचा हिशेब

पाणी उष्णता नाहीशी करीत नाही. ती चिपपासून रेडिएटरपर्यंत वाहून नेते. मिनिटाला २ लिटर पाणी फिरत असेल, तर ५७५ वॉट उष्णतेने ते एका फेरीत जेमतेम ४ अंश सेल्सियसने तापते. म्हणजे अडचण पाण्याच्या वहनक्षमतेची नसून ती उष्णता हवेत सोडणाऱ्या रेडिएटरच्या पृष्ठभागाची असते. शांत गतीच्या पंख्यांसाठी १२० मिलिमीटरच्या प्रत्येक पंख्यामागे १०० ते १५० वॉट, असा ढोबळ अंदाज जोडणी करणारे लोक वापरतात. त्या हिशेबाने ५७५ वॉटच्या एकट्या कार्डाला किमान चार पंख्यांचा रेडिएटर लागतो. प्रोसेसर त्याच लूपवर असेल तर आणखी एक. बंदिस्त संचांसोबत दोन किंवा तीन पंख्यांचा रेडिएटर येतो. त्यामुळे पूर्ण भाराखाली त्यांचे पंखे अधिक वेगाने फिरतात. स्वतः केलेल्या जोडणीची शांतता ब्लॉकच्या दर्जापेक्षा रेडिएटरच्या आकारातून येते, आणि तो आकार निवडण्याचे स्वातंत्र्य हेच तिचे खरे भांडवल.

दुसरा मुद्दा मेमरीचा. पूर्ण आच्छादन करणारा ब्लॉक चिप, मेमरी आणि वीजनियंत्रक भाग या सर्वांवर पाणी नेतो. काही बंदिस्त संचांत मात्र पाणी मुख्यतः चिपला मिळते आणि उर्वरित भागांसाठी लहान पंखा असतो. जुनी आरटीएक्स ३०९० कार्डे त्यांच्या २४ गीगाबाइट मेमरीमुळे आजही घरगुती प्रयोगांसाठी विकत घेतली जातात. त्या कार्डांच्या २४ मेमरी चिपांपैकी निम्म्या सर्किट बोर्डाच्या मागील बाजूस आहेत. पुढच्या बाजूच्या ब्लॉकचा त्यांना थेट उपयोग होत नाही. अशा कार्डासाठी मागच्या पट्टीच्या कूलिंगचाही विचार करावा लागतो. आरटीएक्स ४०९० मध्ये दुप्पट क्षमतेच्या १२ चिपा वापरून त्या सर्व पुढच्या बाजूस आणल्या गेल्या.

दोन गैरसमज येथेच दूर झालेले बरे. वॉटर कूलिंगने खोली थंड होत नाही. ५७५ वॉटचे कार्ड पाण्यावर असो वा पंख्यावर, पूर्ण भाराखाली ते खोलीत ५७५ वॉटच उष्णता सोडते, म्हणजे १,५०० वॉटच्या घरगुती हीटरच्या एक तृतीयांशाहून अधिक. जुलैच्या दमट उन्हाळ्यात ती घराच्या एअर कंडिशनरलाच बाहेर टाकावी लागते. दुसरे असे की, वॉटर कूलिंगने वीजजोडणी सुरक्षित होत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये आरटीएक्स ४०९० च्या सोळा पिनांच्या जोडण्या वितळल्याच्या घटना पुढे आल्या आणि नंतर त्या जोडणीच्या रचनेत सुधारणा झाली. ती जोडणी शेवटपर्यंत नीट बसवणे हाच तेथील उपाय आहे.

वॉरंटी आणि अमेरिकेचा कायदा

मूळ आवरण काढले की वॉरंटी गेली, हा समज सार्वत्रिक आहे. अमेरिकेपुरता तो अर्धाच खरा आहे. १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस वॉरंटी कायद्यानुसार, ग्राहकाने दुसऱ्या कंपनीचा सुटा भाग वापरला किंवा दुरुस्ती अन्यत्र करून घेतली, एवढ्याच कारणावरून उत्पादकाला वॉरंटी नाकारता येत नाही. फेडरल ट्रेड कमिशनने एप्रिल २०१८ मध्ये सहा कंपन्यांना याबाबत इशारापत्रे पाठवली. जुलै २०२४ मध्ये ॲसरॉक, गिगाबाइट आणि झोटॅक या संगणक-भागांच्या कंपन्यांना, 'हे काढल्यास वॉरंटी रद्द' अशा आशयाच्या चिकटपट्ट्यांसंदर्भात पुन्हा पत्रे गेली.

तथापि या संरक्षणाला मर्यादा आहेत. ग्राहकाने केलेल्या बदलामुळेच बिघाड झाला असेल, तर उत्पादक जबाबदार राहत नाही. स्क्रू-ड्रायव्हर निसटून बोर्डावरचा एखादा सूक्ष्म भाग तुटला, चुकीच्या जाडीच्या पॅडमुळे मेमरी तापून निकामी झाली किंवा सैल फिटिंगमधून पाणी सांडले, तर तो भुर्दंड ग्राहकाचाच. शिवाय कायदा बाजूने असणे आणि सेवाकेंद्राने कार्ड विनातक्रार बदलून देणे, यांत पत्रव्यवहाराचे काही आठवडे जाऊ शकतात. ज्यांचे उत्पन्न त्या कार्डावर अवलंबून आहे त्यांनी हे आठवडेही खर्चात धरावेत. वॉरंटीसाठी कार्ड परत पाठवताना ते मूळ आवरणासह द्यावे लागणे सर्वसाधारण आहे. म्हणून उतरवलेले आवरण, स्क्रू आणि पॅड नावे लिहून जपून ठेवणे हा वॉरंटीचाच भाग समजावा.

बंदिस्त संचात याच्या उलट स्थिती असते. पंप, द्रव, नळ्या, चिप यांपैकी काहीही बिघडले तरी दाद एकाच ठिकाणी मागायची असते, परंतु त्यासाठी पूर्ण कार्ड पाठवावे लागते. फ्युरी एक्सच्या सुरुवातीच्या काही नगांत पंपाच्या बारीक किणकिणाटाबद्दल तक्रारी झाल्या, तेव्हा पंप स्वतः बदलण्याचा सोपा मार्ग ग्राहकांपुढे नव्हता. बंदिस्त संचातील द्रव नळ्यांतून वर्षानुवर्षे अत्यल्प प्रमाणात झिरपत राहतो आणि तो पुन्हा भरण्याची सोय बहुतेक संचांत नसते. म्हणून वॉरंटीची मुदत संपल्यानंतर पंप थांबला, तर चिप शाबूत असूनही कार्ड पडून राहण्याची शक्यता असते. कार्ड किती वर्षे वापरायचे, हे म्हणूनच आधी ठरवावे लागते.

खर्च : पहिला आणि पुढचा

बंदिस्त संचाचे कार्ड त्याच चिपच्या साध्या कार्डापेक्षा काहीशे डॉलरनी महाग असते, पण तो खर्च एकरकमी असतो. स्वतः जोडणी करायची तर ब्लॉकसाठी साधारण १५० ते २५० डॉलर, पंप आणि टाकीसाठी १०० ते २००, रेडिएटर, पंखे, नळ्या आणि आठ-दहा फिटिंग मिळून पहिली जोडणी सहज ५०० डॉलरच्या पुढे जाते. मात्र पंप, रेडिएटर आणि फिटिंग पुढच्या दोन-तीन कार्डांपर्यंत टिकतात. वाया जातो तो ब्लॉक, कारण तो विशिष्ट सर्किट बोर्डासाठीच कापलेला असतो आणि पुढच्या कार्डावर बसत नाही.

जुने कार्ड विकतानाही फरक पडतो. मूळ आवरण जपले असेल तर ते पुन्हा चढवून साधे कार्ड म्हणून विकता येते. कारखान्यात ब्लॉक बसवलेल्या कार्डाला गिऱ्हाईक मर्यादित मिळतात, कारण घेणाऱ्याकडे लूप असावाच लागतो.

ब्लॉक स्वतः बसवायचा तर

पहिली पायरी खरेदीपूर्वीची आहे. एकाच चिपचे कार्ड वेगवेगळ्या कंपन्यांकडून वेगवेगळ्या बोर्डावर येते, आणि कधी कधी एकाच कंपनीच्या एकाच नावाच्या कार्डात नंतर बोर्ड बदलतो. म्हणून आधी ब्लॉक-उत्पादकाच्या यादीत कार्डाचा पूर्ण मॉडेल क्रमांक शोधावा आणि मगच कार्ड घ्यावे. आरटीएक्स ५०९० ची एन्व्हिडियाने स्वतः विकलेली 'फाउंडर्स एडिशन' ही आवृत्ती नवख्याने उघडू नये. तिचा बोर्ड तीन तुकड्यांत विभागलेला आहे आणि चिपवर पेस्टऐवजी द्रवरूप धातू वापरला आहे. हा धातू विजेचा वाहक असल्याने बोर्डावर ओघळल्यास शॉर्ट सर्किट होऊ शकते, शिवाय त्यातील गॅलियम ॲल्युमिनियमला खाते.

कार्ड घरी आल्यावर ते लगेच उघडू नये. मूळ पंख्यांवर आठवडाभर पूर्ण भार देऊन ते निर्दोष असल्याची खात्री करावी. दुकानाची परत घेण्याची मुदत याच काळात वापरायची असते. पार्सिपनीहून इंटरस्टेट ८० ने पूर्वेस गेल्यावर पॅटरसन येथे मायक्रो सेंटरचे मोठे दुकान आहे. परतीचे नियम पावतीवर वाचून ठेवल्यास पुढची धावपळ वाचते.

आवरण उतरवण्यापूर्वी कार्ड थोडे चालवून कोमट करावे, म्हणजे जुनी पेस्ट सैल होते. स्क्रू थोडे थोडे आणि तिरक्या क्रमाने सोडवावेत, आणि पंख्यांच्या नाजूक तारा सुटेपर्यंत दोन भाग ओढून वेगळे करू नयेत. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी. पॅडची जाडी ब्लॉकच्या पुस्तिकेत सांगितलेलीच असावी. अर्धा मिलिमीटर जाड पॅड बसवला तर ब्लॉक मेमरीवर टेकतो आणि चिपवर अधांतरी राहतो. मूळ पॅड पुन्हा वापरण्याचा मोह टाळावा.

धातूंची निवडही महत्त्वाची. तांबे, पितळ आणि निकेलचा मुलामा यांचा मेळ बसतो. त्याच पाण्यात ॲल्युमिनियमचा रेडिएटर आला की दोन धातूंमध्ये विद्युत्-रासायनिक क्रिया सुरू होऊन ॲल्युमिनियम झिजू लागते. स्वस्त संचांतील रेडिएटर कशाचा आहे हे म्हणून आधी पाहावे. नळाचे पाणी कधीही वापरू नये. गंजरोधक आणि शेवाळरोधक मिसळलेले तयार कूलंट घ्यावे.

गळतीची चाचणी दोन टप्प्यांत होते. आधी रिकाम्या लूपमध्ये हवेचा दाब भरून तो टिकतो का, हे हातपंपाच्या दाबमापकाने पाहावे. त्यानंतर द्रव भरून केवळ पंपाला वीज द्यावी, मदरबोर्ड आणि कार्ड यांना नाही. प्रत्येक जोडाखाली कागदी टॉवेल ठेवून काही तास वाट पाहावी. कागद कोरडा राहिला तरच संगणक सुरू करावा. सुरू झाल्यावर पाणी आणि चिप यांच्या तापमानातील अंतर पाहावे. ते १० ते २० अंशांच्या आसपास असेल तर जोडणी ठीक. त्याहून बरेच जास्त असेल तर ब्लॉक नीट टेकलेला नाही. पुढे दर वर्षी द्रव बदलणे आणि ब्लॉकच्या बारीक खाचा तपासणे हा नित्यक्रम राहतो. ज्याच्याकडे वर्षातून एक शनिवार यासाठी नाही, त्याने हा मार्ग धरू नये.

स्थलांतर, हिवाळा आणि भारतवारी

नोकरी बदलली की राज्य बदलते आणि घरही बदलते, हे परदेशस्थ मराठी कुटुंबांच्या आयुष्यात नवे नाही. स्वतः केलेली जोडणी हलवताना द्रव काढून टाकावा. न्यू जर्सीच्या जानेवारीत पारा शून्याखाली जातो. रात्रभर मालमोटारीत किंवा न तापवलेल्या गॅरेजमध्ये राहिलेल्या लूपमध्ये निव्वळ पाणी असेल, तर ते गोठून प्रसरण पावते आणि ब्लॉक किंवा रेडिएटर फुटू शकतो. बंदिस्त संचांत सहसा न गोठणारे मिश्रण असते, तरी त्यांच्याही साठवणुकीची तापमानमर्यादा पुस्तिकेत दिलेली असते. थंडीतून घरात आणलेले कोणतेही कार्ड खोलीच्या तापमानाला येऊन कोरडे झाल्याशिवाय सुरू करू नये.

कार्ड पुढे पुण्या-मुंबईला न्यायचे असेल, तर दोन गोष्टी आधी पाहाव्यात. वॉरंटी अनेकदा खरेदीच्या देशापुरती असते, आणि वर सांगितलेल्या अमेरिकी कायद्याचे संरक्षण तेथे मिळत नाही. मे महिन्यात खोलीचे तापमान ३५ अंश असेल तर पाणीही त्याहून थंड होऊ शकत नाही. पार्सिपनीच्या २२ अंशांच्या खोलीत पुरेसा ठरलेला रेडिएटर तेथे तोकडा पडू शकतो.

निवड कोणी कशी करावी

ज्यांना शांतता हवी आहे पण हत्यारे हाती घ्यायची नाहीत, जे तीन-चार वर्षांत कार्ड बदलतात आणि ज्यांचे काम त्यावर अवलंबून आहे, त्यांनी बंदिस्त संच घ्यावा. रेडिएटर पेटीच्या वरच्या भागात, पंपापेक्षा उंचावर बसवावा, म्हणजे हवेचे बुडबुडे पंपात अडकत नाहीत.

ज्यांच्याकडे लूप आधीच आहे पण दोन हजार डॉलरचे नवे कार्ड उघडण्याची जोखीम नको आहे, त्यांच्यासाठी कारखान्यात ब्लॉक बसवलेले कार्ड योग्य. ब्लॉकची जबाबदारी तेथे उत्पादकाकडे राहते. मात्र उरलेल्या लूपची आणि त्यातून झालेल्या गळतीची जबाबदारी घरच्याचीच.

ज्यांना कार्ड पाच-सहा वर्षे चालवायचे आहे, मोठ्या रेडिएटरला पेटीत जागा आहे आणि दरवर्षीची देखभाल ओझे वाटत नाही, त्यांना स्वतः बसवलेला ब्लॉक सर्वाधिक शांतता आणि दुरुस्तीची सोय देतो. त्यातला पंप बिघडला तर पंपच बदलतो, कार्ड नाही.

या तिन्हींत न बसणाऱ्यांनी मोठ्या पंख्यांचे साधे कार्ड घ्यावे आणि त्याची वीजमर्यादा सॉफ्टवेअरमधून थोडी खाली आणून पाहावी. ४५० वॉटच्या कार्डाला ३५० वॉटवर आणल्यास वेग काही टक्क्यांनीच घटतो आणि आवाज बराच उतरतो. या उपायाला पैसे लागत नाहीत, तो केव्हाही मागे घेता येतो, आणि पाण्यावर शेकडो डॉलर खर्च करण्यापूर्वी एक संध्याकाळ त्यासाठी देणे शहाणपणाचे ठरते.